साधकबाधक चर्चा झाली

गेल्या फेब्रुवारीत आमच्या चर्चच्या कारभाऱ्यांच्या सभेत मी लिहिलेले मागील महिन्याचे इतिवृत्त सर्वांच्या हाती दिल्यावर, कोणाची काही दुरुस्ती आहे का, असे आमच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, रीतीप्रमाणे विचारले. या प्रश्नाला सहसा कोणी उत्तर देत नाही. सगळे कागद उलटेसुलटे करतात, कोणीतरी खाकरते आणि इतिवृत्त कायम होते. त्या दिवशी मात्र माझ्या समोर बसलेल्या घानाच्या आंटींनी चष्मा नाकावर नीट बसवला, कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला, आपली काही दुरुस्ती नाही असे सांगितले आणि मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "फार सुबक लिहितेस तू. वाचून वाटतं, त्या दिवशी काही झालंच नाही."

सगळे हसले. मीही हसले.

रात्री न्यू जर्सीच्या त्या गोठलेल्या रस्त्यावरून घरी येताना हसू ओसरले आणि वाक्य तेवढे शिल्लक राहिले. जानेवारीच्या सभेत जे झाले होते ते मला लख्ख आठवत होते. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर, इमारत समितीने एक सूचना लावली होती: तीव्र वासाचे पदार्थ शनिवारी शिजवू नयेत, रविवारच्या उपासनेपर्यंत वास राहतो. आंटींनी हात वर करून बोलण्याची परवानगी मागितली आणि अगदी सौम्य आवाजात विचारले, "मला एवढंच समजून घ्यायचंय, कॉफीला वास नसतो का?" आमच्याकडे रविवारी सकाळी आठलाच कॉफीचे ते भलेमोठे भांडे चढते आणि दुसरे गीत संपेपर्यंत तो वास फरशीतून वर येऊन बाकांखाली रेंगाळत असतो. खोलीत शांतता पसरली. रेडिएटर ठकठक करीत होता. एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. कोणी म्हणाले, तसा कोणाचा उद्देश नव्हता. कोणी अर्धशिशीचा विषय काढला, कोणी पडद्यांचा. आंटी पुढे एक अक्षरही बोलल्या नाहीत. मी लिहिले: स्वयंपाकघराच्या वापराविषयी साधकबाधक चर्चा झाली; विषय इमारत समितीकडे सोपवण्यात आला. लिहिले अर्थातच इंग्रजीत. पण हात चालवणारे वाक्य मराठी होते, आणि ते माझेही नव्हते. ते माझ्या वडिलांचे होते.

माझे वडील वडील होते. हे वाक्य मराठी ख्रिस्ती घरांबाहेर कोणाला कळणार नाही. मराठी बायबलमध्ये मंडळीच्या कारभाऱ्यांना 'वडील' हा शब्द आहे, आणि प्रेस्बिटेरियन पंथाचा सारा डोलारा याच शब्दावर उभा आहे. बिशप नाही, वरून नेमलेला अधिकारी नाही. मंडळीने आपल्यातून निवडलेले वडील आणि पाळक एका टेबलाभोवती बसून ठरवतात. मिरजेत हा पंथ अमेरिकन मिशनबरोबर आला. कोल्हापुरात १८५२ साली सुरू झालेले काम पुढे प्रेस्बिटेरियनांकडे आले आणि १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. त्याच रुग्णालयाच्या आवारात माझे बालपण गेले. १९७० साली हे सगळे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले, बिशप आले, नावे बदलली. पण वडिलांच्या तोंडून 'वडीलमंडळ' हा शब्द शेवटपर्यंत गेला नाही. मंडळीची वही तेच लिहीत. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर ते खाटेवर मांडी घालून बसत, दौतीतून टाक बुडवावा तशा तोऱ्यात बॉलपेन उघडत आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहीत: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' 'साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते ठरले.'

त्या वहीतली एक सभा मी स्वतः पाहिली आहे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. वार्षिक सभेला मुलांना बसू देत नसत, म्हणून मी खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभी होते. रुग्णालयात झाडलोट करणारी एक मावशी उठली आणि तिने विचारले, आमच्या वस्तीतला एकही माणूस वडिलांत का नाही, आम्ही वर्गणी देत नाही का? मंडळीत जात नाही, असे व्यासपीठावरून आम्ही नेहमी ऐकत आलो होतो. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की तीच जात मागल्या दाराने येऊन पाटावर बसे, हेही पाहत आलो होतो. मावशी बोलली तेव्हा पंखा फिरत होता आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदराने तोंड पुसले, एवढेच मला दिसले. त्या दुपारी वडिलांनी लिहिले: 'प्रतिनिधित्वाविषयी साधकबाधक चर्चा होऊन विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला.' मी विचारले, मावशी काय म्हणाली ते का नाही लिहिले? ते म्हणाले, "वहीत कोणाचं मन दुखेल असं काही राहू नये, बाळ." माझे वडील वाईट नव्हते. मावशीच्या मुलाच्या फीचे पैसे दोनदा त्यांनीच भरले होते. पण विषय पुढील सभेवर गेला, त्या पुढील सभेतून त्याच्या पुढील सभेवर गेला, आणि मी लग्न होऊन अमेरिकेला आले तोवर तो वहीतून निघूनही गेला होता.

आता मी वडील आहे. यातला विनोद इंग्रजीत सांगता येत नाही. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी १९३० मध्ये स्त्रियांना वडील होण्याची वाट मोकळी केली आणि १९५६ मध्ये मार्गारेट टाउनर या पहिल्या स्त्रीची पाळक म्हणून दीक्षा झाली. मराठी अजून तिथवर पोचलेली नाही. आमच्या पाळक पोर्तो रिकोच्या आहेत. आईला फोनवर त्यांच्याविषयी सांगताना मी 'पाळकीणबाई' म्हटले की आई विचारते, "म्हणजे नवरा पाळक का?" मला आई काय म्हणणार, हा प्रश्न तिने हसून सोडून दिला आहे. बाकी 'मंडळी' हा शब्द मात्र मला दिवसेंदिवस अधिक आवडत चालला आहे. चर्च म्हणजे मंडळी, घरातली माणसे म्हणजे मंडळी, आणि जुन्या वळणाचे गृहस्थ बायकोचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करतात. म्हणजे जिच्याशी रोज उठून भांडायचे आणि जिला सोडून जायचे नाही, ती.

आमच्या इथल्या मंडळीत दीडशेच्या आसपास माणसे आहेत. ही मंडळी वैविध्याचा ध्यास घेऊन जन्मली नाही, हे सांगायला हवे. अमेरिकेच्या उत्तरेची आणि दक्षिणेची, यादवी युद्धात तुटलेली प्रेस्बिटेरियन चर्चे १९८३ मध्ये एकत्र येऊन आजची संस्था बनली तेव्हा तिचे सभासद ३० लाखांवर होते. आता ते ११ लाखांच्याही खाली आले आहेत. बाक रिकामे होत गेले, शेजारचे एक चर्च बंद पडले, आणि त्या रिकाम्या बाकांवर आम्ही येऊन बसलो: घाना, कॅमेरून, कोरिया, पाकिस्तान, मिरज. मौज अशी की प्रेस्बिटेरियनपणात आम्ही यजमानांना हार जाणारे नव्हतो. आंटी आक्रोपोंगच्या. बाझेलचे मिशनरी १८२८ मध्ये त्यांच्या किनाऱ्यावर उतरले आणि १८४३ मध्ये त्यांच्या गावात जमैकाहून काळी ख्रिस्ती कुटुंबे येऊन राहिली, हे त्या असे सांगतात की जणू ओटीवर बसून त्यांनीच त्या पाहुण्यांना पाणी दिले होते. आमचे कोरियन वडील निवृत्त इंजिनियर आहेत आणि पहाटे साडेपाचच्या प्रार्थनेला एकटेच आले तरी दिवे सगळे लावतात. एक पंजाबी टॅक्सीचालक आहेत, पाकिस्तानातले. सियालकोटच्या इमामुद्दीन शाहबाज यांनी पंजाबीत आणलेले जबूर, म्हणजे बायबलातली स्तोत्रे, त्यांनी डोळे मिटून लावले की मला मिरजेच्या तंबोऱ्यांच्या दुकानांतला भोपळ्याचा आणि लाखेचा वास येतो. दाराबाहेरच्या फलकावर अकरा भाषांत 'स्वागत' लिहिले आहे. त्यातले मराठी मी लिहून दिले होते. रंगाऱ्याने ते अक्षर-अक्षर सुटे करून रंगवले, शिरोरेषा दोन्ही ठिकाणी तुटली, आणि येता-जाता ते मला खिडकीवर वाळत घातलेल्या तीन मोज्यांसारखे दिसते. दुरुस्त करा, असे अजून मी सांगितलेले नाही.

सेशनवर, म्हणजे आमच्या वडीलमंडळावर, नऊ जण असतात; तीन-तीन वर्षांची मुदत. बाहेरच्यांना वाटते की आम्ही तिथे अध्यात्माची चर्चा करीत असू. बहुतेक वेळ बॉयलरवर जातो. पण दीक्षेचा दिवस मी विसरलेले नाही. गुडघे टेकायचे असतात आणि आजवर वडील झालेले सगळे पुढे येऊन डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवतात. वीस-पंचवीस हातांचे वजन काय असते ते खाली वाकल्यावर कळते. मान दुखू लागते, आणि आशीर्वाद लवकर संपावा असे वाटून शरमही वाटते. त्याआधी प्रश्न विचारतात. त्यातल्या एकात जोमाने, बुद्धीने, कल्पनाशक्तीने आणि प्रीतीने सेवा करशील का, असे आहे. कोणा चिटणिसाला कल्पनाशक्तीची शपथ घातल्याचे मी तोवर ऐकले नव्हते. माझ्या कपाळाशी जो तळवा होता त्याला आले आणि सुकटीचा वास होता. डोळे मिटलेले असूनही तो हात कोणाचा ते मला कळले.

आम्ही पुरोगामी मंडळी आहोत, असे आम्ही म्हणतो, आणि त्यात खोटे काही नाही. दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे लग्न चर्चमध्ये लावण्याची मुभा २०१५ मध्ये देशभरच्या प्रेस्बिटरींनी, म्हणजे मंडळ्यांच्या विभागीय सभांनी, मान्य केली तेव्हा, आमच्या इमारतीत अशी लग्ने होऊ द्यायची का हे आमच्या सेशनला ठरवायचे होते. मी तेव्हा नवी होते. ठराव मंजूर झाला. आंटी आणि कोरियन वडील तटस्थ राहिले. आंटींनी कारण सांगितले नाही, फक्त हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या गावी या विषयावर काय बोलले जाते ते मला ठाऊक आहे. मिरजेत काय बोलले जाईल तेही ठाऊक आहे. आणि माझा वर गेलेला हात आईला दिसत नव्हता म्हणून वर गेला, हेही मला ठाऊक आहे. दीड वर्षाने आमच्या वाद्यवृंदातल्या दोघींचे लग्न लागले. तळघरात शंभर माणसांचा जोलोफ भात रांधला तो आंटींनी, आदल्या दिवसापासून उभे राहून. त्या शनिवारचा वास रविवारीच काय, बुधवारीही जिन्यात होता. सगळ्यांनी त्याची वाहवा केली.

आणि फ्रिजवरची ती सूचना लिहिणाऱ्या समितीत त्या दोघींपैकी एक होती.

समितीतली दुसरी मी होते. म्हणजे सूचना सुचली तिला, टंकली मी. 'तीव्र वासाचे' हा शब्दप्रयोग माझा. आधीच्या कच्च्या मसुद्यात 'मासळी' होते. ते फार उघड वाटेल म्हणून मी सौम्य केले. वहीत कोणाचे मन दुखेल असे काही राहू नये. हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मिरजेच्या बाजारात पाटी घेऊन बसणारी सुकटवाली नव्हती, आणि रविवारच्या दुपारी सगळ्या मिशन कंपाउंडवर तरंगणारा भाजलेल्या बोंबलाचा वासही नव्हता. पुण्यात शिकताना ज्या खोलीत मी राहिले तिथल्या मालकीणबाई खरकट्या भांड्यांचा वास घेत, आणि मी दोन वर्षे अंडेसुद्धा बाहेर खाऊन आले. तेही आठवले नाही. माझ्या इथल्या घरात मी सुकट करते ती उन्हाळ्यात, खिडक्या उघड्या टाकून, शेजारी गावाला गेले की. मी स्वतःवर लावलेली सूचनाच मी फ्रिजवर चिकटवली होती. आंटी 'शितो' करतात: सुके मासे, सुके झिंगे, आले, मिरची, सगळे तेलात काळे पडेपर्यंत, तासन्‌तास. तो वास मला परका मुळीच नव्हता. ओळखीचा होता म्हणूनच मी दचकले असेन.

फेब्रुवारीच्या त्या रात्री मी बेल्हारचे पान उघडले. दक्षिण आफ्रिकेतली, वर्णभेदाविरुद्धची ही श्रद्धेची कबुली आमच्या चर्चने २०१६ मध्ये आपल्या श्रद्धापत्रांच्या ग्रंथात घेतली. आधीच्या खेपेला ती दोन-तृतीयांश मतांअभावी थोडक्यात हुकली होती. आमच्या मंडळीत तिच्या अभ्यासाचे वर्ग मीच घेतले होते, तेव्हा मला ती पाठ असल्यासारखीच होती. पण या वेळी मी कबुली वाचत नव्हते, तिच्या मागचा एक जुना ठराव शोधत होते. १८५७ मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडपुढे, म्हणजे मोठ्या धर्मसभेपुढे, प्रश्न आला की गोरे आणि काळे यांनी एकत्र उपासना करावी का. सिनडने म्हटले की एकत्र असणे हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. मात्र काहींच्या दुर्बलतेमुळे जिथे कार्याला बाध येत असेल तिथे वेगळ्या जागी उपासना करण्यास हरकत नाही. काहींच्या दुर्बलतेमुळे! कोणाच्या, कसल्या, काही नाही. किती सभ्य वाक्य आहे. त्यात कोणाचेही मन दुखत नाही. १८८१ मध्ये वेगळे चर्चच निघाले, आणि त्या वेगळ्या काढलेल्या लोकांनीच १९८२ मध्ये बेल्हारचा मसुदा केला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. कोणातरी चिटणिसाने ते १८५७ चे वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिले असेल, शाई वाळू दिली असेल, आणि जेवायला गेला असेल. माझी फ्रिजवरची चिठ्ठी आणि ते वाक्य यांची तुलना करणे म्हणजे राईचा पर्वत करणे आहे, हे मला कळते. पण तो वळणदार हात मला ओळखू आला.

पुढच्या शनिवारी मी तळघरात गेले. आंटी कोणाच्या तरी अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी कांदे चिरत होत्या. सूचना फ्रिजवर होती आणि तिच्या खालीच चुलीवर शितो रटरटत होता. मी त्यांना सांगितले की सूचना मी टंकली होती. त्या म्हणाल्या, "मला माहितेय. इथे 'कृपया' दोनदा फक्त तूच लिहितेस." मग मी म्हटले, मी इतिवृत्तात दुरुस्ती सुचवते, तुमचा प्रश्न शब्दशः घालते. यावर त्यांनी सुरी खाली ठेवली. त्यांचे वडील आक्रोपोंगच्या मंडळीचे कारभारी होते, आणि सभेचे नियम त्यांना माझ्यापेक्षा फार चांगले येतात. "इतिवृत्तात काय बोललं गेलं ते नसतं, काय केलं गेलं ते असतं," त्या म्हणाल्या. "मी बोलले, म्हणून ते तुझ्या वहीत आलं नाही. चूक तुझी अर्धी, माझी अर्धी. ठराव मांडला तर काय करतेस?" ठराव मांडला की, मंजूर होवो अथवा नामंजूर, त्याचे शब्द लिहावेच लागतात. "मग झालं तर," असे म्हणून त्यांनी झारा माझ्या हातात दिला आणि खाली लागू देऊ नको म्हणून बजावले. मी अर्धा तास ढवळत उभी होते. कोटाला आठवडाभर वास होता.

या वह्या दरवर्षी प्रेस्बिटरीकडे तपासणीला जातात, आणि जुन्या झाल्या की बऱ्याच मंडळ्या त्या फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीकडे देतात. ही सोसायटी १८५२ ची, कोल्हापूरच्या कामाच्याच वयाची. मावशीचा प्रश्न कोठल्याच कपाटात नाही, कारण तिला ठराव कसा मांडायचा ते कोणी शिकवले नव्हते, आणि ज्यांना येत होते ते टाक घेऊन बसले होते.

मार्चच्या सभेत इमारत समितीने अहवाल दिला. सूचना कायम ठेवावी, भाषा थोडी मृदू करावी, असा ठराव आला. आंटींनी उपसूचना मांडली: 'तीव्र वासाचे पदार्थ' या शब्दांनंतर 'कॉफीसह' हा शब्द घालावा. कोरियन वडिलांनी, जे सभेत वर्षातून दोनदा बोलतात, अनुमोदन दिले. या वेळी हसण्याची सोय नव्हती. उपसूचनेवर मत घ्यावेच लागते. पाच विरुद्ध चार. पाचवा हात माझा होता, आणि तो सर्वांत शेवटी वर गेला; समितीतल्या माझ्या जोडीदारणीकडे मी पाहिले नाही. मग दुरुस्त झालेला मूळ ठराव मताला आला, म्हणजे शनिवारी कॉफीसुद्धा बंद. त्याच्या बाजूने एकही हात उठला नाही, तिचासुद्धा. ती आधी लाल झाली, मग खदखदून हसली, आणि सभा संपल्यावर स्वतः खाली जाऊन कागद काढून आली. आंटींशी ती त्या दिवशी बोलली नाही. पुढच्या रविवारी बोलली. मनात काही राहिले असेल तर ते मला दिसलेले नाही. हात कोणाचा आधी आणि कोणाचा शेवटी, हे इतिवृत्तात येत नाही. मी लिहिले: उपसूचना मंजूर. 'तीव्र वासाचे पदार्थ, कॉफीसह, शनिवारी शिजवू नयेत' हा दुरुस्त ठराव नामंजूर.

एप्रिलमध्ये पाळकांनी विचारले, कोणाची काही दुरुस्ती? कागदांची चाळवाचाळव झाली. कोणीतरी खाकरले. आंटींनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि हात वर केला.

"मी 'कॉफीसह, डिकॅफ धरून' असं म्हणाले होते."

मी टिपणे काढून पाहिली. त्या तसेच म्हणाल्या होत्या. दुरुस्तीसह इतिवृत्त कायम करण्यात आले.